पार्सल लॉकरचं दार उघडं राहिलं तर जबाबदार कोण? आपोआप बंद होणाऱ्या दारामागचं गणित

जाळीच्या दाराची लिफ्ट असलेल्या इमारतीत राहिलेल्या माणसाला ही हाक ओळखीची असेल. "चौथ्यावरचं दार लावा होऽऽ!" कुणीतरी दार उघडं टाकून गेलेलं असतं. लिफ्ट तिथेच अडकते आणि खाली पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या माणसाला जिना चढावा लागतो. गंमत अशी की ज्यानं दार उघडं टाकलं, त्याचं काहीच अडत नाही. तो केव्हाच घरी पोचलेला असतो.

ऑनलाइन मागवलेल्या वस्तू ठेवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पार्सल लॉकरपुढे आज नेमका हाच प्रश्न आहे. लॉकर उघडायला ओटीपी आहे, क्यूआर कोड आहे, मोबाइल अॅप आहे. पण बहुतेक लॉकरमध्ये दार बंद करायचं काम अजूनही माणसाच्या हातावर सोडलेलं आहे. ते त्यानं केलं नाही तर तोटा त्याचा होत नाही. नंतर येणाऱ्याचा होतो.

मग दार आपोआप बंद होईल अशी सोय का करत नाहीत? उत्तर वाटतं तितकं सोपं नाही.

पार्सल लॉकर इतके का वाढतायत?

पार्सल लॉकर म्हणजे एकावर एक रचलेले कुलूपबंद कप्पे. कुरिअरवाला पार्सल एका कप्प्यात ठेवतो, तुमच्या मोबाइलवर कोड येतो, तुम्ही सवडीनं जाऊन ते काढून घेता. घरी कुणी नाही म्हणून परत फेरी मारायची गरज नाही आणि दारात पडलेलं पार्सल चोरीला जायची भीती नाही.

जर्मनीत 'डीएचएल'नं २००१ मध्ये डॉर्टमुंड आणि माइन्झ या शहरांत 'पॅकस्टेशन' या नावानं याची सुरुवात केली. आज तिथे अशी १५,००० हून जास्त ठिकाणं आहेत आणि २०३० पर्यंत ३०,००० चं लक्ष्य आहे. पोलंडमध्ये 'इनपोस्ट' या कंपनीनं २००९ मध्ये पहिले लॉकर बसवले. तिथे तर लॉकरमधून पार्सल आणणं हा रोजच्या जगण्याचा भाग झालाय. अॅमेझॉननं २०११ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमध्ये स्वतःचे लॉकर आणले.

टपाल खात्यांचं कामही याच दिशेला सरकतंय. डेन्मार्कच्या 'पोस्टनॉर्ड'नं २०२५ च्या शेवटी पत्रं वाटणं बंद केलं आणि पार्सलवर लक्ष केंद्रित केलं. जर्मनीत २०२४ मध्ये टपाल कायदा बदलला. आता नियामक संस्थेच्या परवानगीनं काही ठिकाणी टपाल शाखेऐवजी स्वयंचलित यंत्रही ग्राह्य धरता येतं. म्हणजे जिथे काउंटरमागे माणूस बसायचा, तिथे आता कप्प्यांची भिंत उभी राहू शकते. काउंटरमागचा माणूस निदान "अहो, दार लावा" असं म्हणू शकत होता.

लोक दार लावायला का विसरतात?

बेशिस्त हे एकच कारण नाही. माणसाचा मेंदू जसा चालतो, त्यात याचं मोठं कारण दडलंय.

आपण एखादं काम हेतू मनात ठेवून करतो. हेतू साध्य झाला की मेंदूच्या लेखी काम संपलेलं असतं. त्यानंतर उरलेली पायरी हमखास निसटते. झेरॉक्स काढली की मूळ कागद मशीनमध्येच राहतो, ते याचमुळे. मानसशास्त्रज्ञांनी या चुकीचा स्वतंत्र अभ्यास केलाय.

याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण एटीएमचं. सुरुवातीच्या काही एटीएममधून आधी पैसे यायचे आणि मग कार्ड. पैसे हातात आले की लोक निघून जायचे आणि कार्ड मशीनमध्ये राहायचं. पाट्या लावून, बीप वाजवून फरक पडतो, पण चूक संपत नाही. मग अनेक बँकांनी क्रमच बदलला. आधी कार्ड घ्या, मगच पैसे मिळतील. विसराळूपणा तोच राहिला, पण त्याला वावच उरला नाही.

पार्सल लॉकरमध्ये अडचण अशी की हा क्रम उलटवता येत नाही. दार उघडल्याशिवाय पार्सल निघणार नाही आणि पार्सल निघाल्याशिवाय दार लावता येणार नाही. दार लावणं ही पायरी कायम शेवटीच येणार. त्यात दोन्ही हातांत खोकं, खांद्याला बॅग आणि वरून पाऊस असेल तर विचारायलाच नको.

एक साधा हिशोब करून पाहू. एका लॉकरमध्ये दिवसाला ४० पार्सलं येतात असं धरा. प्रत्येक पार्सलमागे दार दोनदा लागतं : ठेवताना आणि काढताना. म्हणजे दिवसाला ८० वेळा आणि वर्षाला सुमारे २९,००० वेळा. हजारातून एकदाच जरी दार उघडं राहिलं, तरी एका लॉकरमागे वर्षाला २९ प्रसंग होतात. आता हे हजारो लॉकरना लावून बघा.

'कुलूप बंद' म्हणजे 'दार बंद' नव्हे

दार उघडं राहिलं तर मशीनला कळत नाही का? बहुतेक वेळा कळतं. पण काय कळतं, हे नीट समजून घ्यायला हवं.

साध्या लॉकरमध्ये प्रत्येक कप्प्याला विजेवर चालणारं छोटं कुलूप असतं. कोड बरोबर आला की कुलपातला आकडा सुटतो आणि आतली स्प्रिंग दार थोडं बाहेर ढकलते. साठ कप्प्यांपैकी आपला कोणता, हे त्यामुळे लगेच दिसतं. दार ढकलून लावलं की आकडा परत अडकतो आणि कुलपातलं छोटं बटण दाबलं जातं. मशीन 'बंद' अशी नोंद करतं.

गोम इथे आहे. बटण कुलपात बसवलेलं असेल, तर ते फक्त कुलपाच्या आकड्याची जागा सांगतं. दाराची नाही. दार उघडं असताना कुणी पेनाच्या टोकानं तो आकडा आत ढकलला, तर मशीनच्या दृष्टीनं कप्पा 'बंद' होतो, प्रत्यक्षात दार सताड उघडं असतं. म्हणून चांगल्या लॉकरमध्ये दाराच्या चौकटीवर वेगळा चुंबकीय सेन्सर असतो. कुलूप आणि दार दोघांनी 'बंद' म्हटलं, तरच ते खरं मानलं जातं.

पण त्यानंतरही तिसरा प्रश्न उरतोच : पार्सल आत आहे का? कुलूप बंद, दार बंद आणि पार्सल आत, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. "७ वाजून १२ मिनिटांनी दार उघडलं, ७ वाजून १३ मिनिटांनी बंद झालं" ही नोंद पहिल्या दोन गोष्टी सांगते. तक्रार मात्र नेहमी तिसऱ्या गोष्टीची असते.

उघडण्याच्या सुरक्षेवर सगळ्यांचं लक्ष असतं. २०१९ मध्ये चीनच्या जियाशिंग शहरातल्या शाळकरी मुलांनी 'हाइव्ह बॉक्स' कंपनीचे लॉकर चेहऱ्याऐवजी छापील फोटो दाखवून उघडून दाखवले. त्याची मोठी बातमी झाली आणि कंपनीनं चाचणीसाठी आणलेली ती सोय मागे घेतली. उघड्या राहिलेल्या दाराची मात्र बातमी होत नाही, कारण तिथे फसवायला कुणी लागतच नाही.

दार आपोआप बंद करायचे मार्ग कोणते?

ढोबळमानानं तीन.

पहिला मार्ग स्प्रिंगच्या बिजागरीचा. ऑफिसच्या काचेच्या दाराला वर जो डोअर क्लोजर असतो किंवा मॉड्युलर किचनचे ड्रॉवर जसे हलकेच मिटतात, तशी ही व्यवस्था. वीज लागत नाही. पण एक अंतर्विरोध आहे. लॉकरला दार बाहेर ढकलणारी स्प्रिंगही हवी आणि आत ओढणारीही. दोघींचं भांडण होतं. ओढणारी स्प्रिंग कमकुवत ठेवली तर दार चौकटीला टेकतं, पण आकडा अडकत नाही. जोरदार ठेवली तर पार्सल काढताना दार एका हातानं धरून ठेवावं लागतं. त्यात समुद्राकाठची खारी हवा आणि पावसाळा असेल तर वर्ष-दोन वर्षांत गंज स्प्रिंगचा जोर बदलून टाकतो.

दुसरा मार्ग मोटरचा. दार किती वेगानं आणि कधी बंद व्हावं हे ठरवता येतं, मध्ये हात आला तर थांबवता येतं. पण एका लॉकरला पन्नास-साठ दारं असतात. प्रत्येकाला मोटर, सेन्सर, वायरिंग म्हणजे खर्च तितक्या पटीनं आणि बिघडणाऱ्या वस्तूही तितक्याच. शिवाय लॉकरचा आजचा प्रवास उलट्या दिशेनं चाललाय. डेन्मार्कमधले 'नेअरबॉक्स' लॉकर स्क्रीनशिवाय, बॅटरीवर आणि मोबाइलच्या ब्लूटूथवर चालतात. वीजजोडणी लागत नसल्यानं ते कुठेही बसवता येतात. अशा ठिकाणी विजेचा प्रत्येक थेंब मोजून वापरावा लागतो. कुलूप क्षणभर सोडायला फारच थोडी वीज लागते. दार ओढून आणायला त्याहून बरीच जास्त.

तिसरा मार्ग म्हणजे साठ दारांऐवजी एकच दार. पार्सलं आतल्या आत रोबो फिरवतो आणि तुमचं पार्सल त्या एका खिडकीशी आणून देतो. इथे एकाच दाराला चांगली मोटर आणि सेन्सर लावणं परवडतं. एस्टोनियाच्या 'क्लेव्हरॉन' कंपनीनं असे मनोरे बनवले आणि अमेरिकेत वॉलमार्टनं २०१७ पासून ते शेकडो दुकानांत उभे केले. पण २०२१ मध्ये वॉलमार्टनं ते काढायला सुरुवात केली. ग्राहकांना गाडीतच बसून सामान घेणं जास्त सोयीचं वाटू लागलं होतं. यंत्र हुशार असून भागत नाही, लोकांच्या सवयीतही बसावं लागतं.

म्हणूनच बहुतेक कंपन्या चौथी वाट धरतात : दार माणसानंच लावायचं आणि नाही लावलं तर बीप वाजवायचा. सगळ्यात स्वस्त.

आपोआप बंद होणारं दार धोक्याचं ठरू शकतं का?

हो. आणि हा मुद्दा खर्चापेक्षा महत्त्वाचा आहे.

आधी बोटांचं बघू. ४० सेंटीमीटर रुंदीच्या दाराच्या कडेवर दोन किलो वजनाइतका जोर लावला, तर बिजागरीपासून दोन सेंटीमीटरवर तो तरफेच्या नियमानं वीसपट होतो. म्हणजे सुमारे ४० किलो. लहान मुलाची बोटं नेमकी त्याच फटीत जातात. लिफ्टच्या स्वयंचलित दारांसाठी युरोपीय मानकात बंद होण्याच्या जोराला १५० न्यूटनची, म्हणजे साधारण १५ किलो वजनाइतकी मर्यादा आहे. त्याशिवाय मध्ये कुणी आलं तर दार परत उघडावं लागतं. लॉकरच्या दारालाही असा विचार हवा.

दुसरा धोका जास्त गंभीर आहे. इनपोस्टचा सगळ्यात मोठा कप्पा ४१ × ३८ × ६४ सेंटीमीटरचा असतो. इतक्या जागेत लहान मूल लपाछपी खेळताना शिरू शकतं. दार हातानं लावायचं असेल तर ते उघडंच राहील. दार स्वतःहून मिटून कुलूप लागणार असेल, तर?

ही कल्पनेतली भीती नाही. अमेरिकेत एकेकाळी फ्रिजची दारं बाहेरच्या खटक्यानं बंद व्हायची आणि आतून उघडता यायची नाहीत. टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये खेळता खेळता मुलं अडकून गुदमरून मेली. अखेर १९५६ मध्ये तिथे रेफ्रिजरेटर सेफ्टी अॅक्ट आला. १९५८ च्या अखेरीपासून बनणाऱ्या घरगुती फ्रिजचं दार आतून उघडता आलंच पाहिजे, असं बंधन घातलं गेलं. मानक ठरलं, की आतून १५ पौंड, म्हणजे सुमारे ७ किलो जोर लावला तर दार उघडायला हवं. आज आपल्या घरच्या फ्रिजच्या दाराला खटका नसतो, कडेला चुंबकाची रबरी पट्टी असते. त्यामागे हा इतिहास आहे.

लॉकरची अडचण अशी की त्याला चुंबकी पट्टी चालणार नाही, कुलूप लागतंच. मग उपाय उरतात ते असे : मोठ्या कप्प्याला आतून सुटका करणारी कळ, आत काही हलतंय का हे पाहणारा सेन्सर, बंद होण्याआधी काही सेकंद आवाज आणि दिवा. यातली प्रत्येक गोष्ट खर्च वाढवते. पण ती टाळून फक्त स्प्रिंग लावली, तर आपण चोरीचा धोका कमी करून जिवाचा धोका वाढवतो.

ज्येष्ठ नागरिक आणि व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी मात्र आपोआप मिटणारं दार मोठा दिलासा ठरू शकतं. अट एकच : ते घाई करता कामा नये. तुम्ही पार्सल धरून वळेपर्यंत दार मिटलं आणि दुसरं पार्सल आतच राहिलं, तर? ओटीपी वापरून झालेला असतो आणि कप्पा रिकामा झाल्याची नोंदही होऊन जाते. दार लवकर बंद होणं हीसुद्धा चूकच आहे.

मशीननं दार लावलं की भांडण मिटेल?

इथे परत एटीएम आठवतं. भारतात पूर्वी ठरावीक सेकंदांत पैसे घेतले नाहीत तर मशीन ते आत ओढून घ्यायचं. हेतू चांगला होता, विसरलेले पैसे दुसऱ्यानं नेऊ नयेत. पण काही भामट्यांनी मधल्या नोटा काढून घ्यायच्या, कडेच्या तशाच ठेवायच्या आणि मशीननं त्या ओढल्या की "पैसे मिळालेच नाहीत" अशी तक्रार करायची, असा धंदा सुरू केला. किती नोटा परत आल्या, हे मशीनला मोजता येत नव्हतं. शेवटी २०१२ च्या सुमारास रिझर्व्ह बँकेच्या संमतीनं ही सोय बंद करण्यात आली.

लॉकरच्या स्वयंचलित दारालाही हे लागू होतं. मशीन दार लावेल, कुलूप लावेल, नोंदही करेल. पण आत पार्सल आहे की रिकामं खोकं, हे त्याला बघता येत नसेल तर वाद तिथेच राहतो. उलट तो वाढूही शकतो. आधी "दार कुणी लावलं नाही?" हा प्रश्न होता, आता "मशीननं काय आत घेऊन दार लावलं?" हा होईल. म्हणून दाराच्या जोडीला कप्प्यात वजनाचा सेन्सर किंवा कॅमेरा असेल, तरच स्वयंचलित दाराचा पूर्ण फायदा आहे.

भारतात काय स्थिती आहे?

आपल्याकडे २०१५-१६ च्या सुमारास 'स्मार्टबॉक्स', 'क्विकपॉड' अशा कंपन्यांनी पार्सल लॉकर आणले. २०२२ मध्ये मध्य रेल्वेनं मुंबईतल्या काही स्थानकांवर स्मार्ट लॉकरची योजना जाहीर केली. तरी लॉकरकडे जाऊन पार्सल आणायची सवय इथे फारशी रुजली नाही. घरपोच सेवा स्वस्त आहे आणि गेटवर वॉचमन आहे. खरं तर वॉचमनची केबिन हाच आपला पार्सल लॉकर आहे आणि तिचं दार बहुधा उघडंच असतं.

पण मोठ्या गृहसंकुलांत रोज येणाऱ्या पार्सलांचा ढीग बघितला, तर लॉकरची चर्चा सोसायटीच्या मीटिंगमध्ये येणं साहजिक आहे. तेव्हा खरा प्रश्न किमतीचा नसेल, जबाबदारीचा असेल. पार्सल हरवलं तर विक्रेता म्हणेल, आम्ही पोचवलं. कुरिअर कंपनी म्हणेल, दार बंद झाल्याची नोंद आहे. लॉकर कंपनी म्हणेल, आधीच्या माणसानं दार नीट लावलं नाही. आणि सोसायटी म्हणेल, आम्ही फक्त जागा दिली.

चीननं यावर एक साधा नियम केलाय. २०१९ पासून तिथे पार्सल लॉकरमध्ये ठेवण्याआधी ग्राहकाची संमती घेणं बंधनकारक आहे. आपल्याकडे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिनाभरात तिचा निपटारा करायचा. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. म्हणून तक्रार लॉकरपाशी उभं राहून वॉचमनकडे करू नका. ज्या कंपनीकडून वस्तू घेतली तिच्याकडे, लेखी करा.

लॉकर बसवण्याआधी काय विचारावं?

तुमच्या सोसायटीत किंवा ऑफिसात लॉकर येणार असेल, तर विक्रेत्याला हे प्रश्न जरूर विचारा :

– दार बंद झाल्याचं कशावरून कळतं? फक्त कुलपावरून की दारावरच्या वेगळ्या सेन्सरवरून?
– दार उघडं राहिलं तर किती वेळात आणि कुणाला कळवलं जातं? तोवर त्या कप्प्यात नवं पार्सल ठेवणं आपोआप थांबतं का?
– दार आपोआप बंद होत असेल तर मध्ये हात आल्यावर ते थांबतं का?
– खालच्या मोठ्या कप्प्यात मूल अडकलं तर आतून सुटायची काय सोय आहे? वीज गेल्यावरही ती चालते का?
– पार्सल आत असल्याचा पुरावा काय आणि तो ग्राहकाला मिळतो का?
– पार्सल हरवल्यास भरपाई कोण देणार, हे करारात लिहिलंय का?

आणि लॉकर वापरताना एवढं करा. पार्सल काढलं की ते आधी खाली ठेवा, दार लावा, 'खट' आवाज ऐका, मग पार्सल उचला. एटीएमनं आपल्याला आधी कार्ड घ्यायला शिकवलं, तसाच हा क्रम स्वतःला लावून घ्यायचा.

पण फक्त लोकांच्या शिस्तीवर सगळं सोडून चालणार नाही. जी चूक हजारातून एकदा होणारच आहे, तिची सोय यंत्र बनवणाऱ्यानं आधीच करायला हवी आणि ती करताना आत मूल असू शकतं हेही धरायला हवं. नाहीतर "दार लावा होऽऽ" अशी हाक मारायला, लिफ्टखाली उभा असायचा तसा माणूसही तिथे नसेल.